असेंब्ली पॉइंटवर चौघं

उन्हाळा आला की लोक समुद्रावर जातात, डोंगर चढतात, तळ्याकाठी तंबू ठोकतात. आमच्या घरी या सगळ्याची रंगीत तालीम होते. तालीम चांगली झाली, सगळ्यांना पटली, कुणाला शिंकही आली नाही, तर मग प्रत्यक्ष जायचं की नाही यावर चर्चा सुरू होते. चर्चेत उन्हाळा संपतो.

याला कारण आमचे हे. हे रंगाच्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी आहेत. कारखान्यात आग लागू नये, कुणी टाकीत पडू नये, कुणाच्या डोक्यात डबा पडू नये, हे बघणं त्यांचं काम. ते काम ते इतकं चोख करतात की आजवर तिथे काहीही झालेलं नाही. आता काहीच झालं नाही म्हटल्यावर आपण केवढं मोठं काम करतो हे लोकांना दाखवणार कसं? ती हौस मग घरी भागवली जाते. आमच्या शेगडीवरच्या प्रत्येक भांड्याचा दांडा भिंतीकडे तोंड करून असतो. न्हाणीघराच्या दारावर ‘पाय जपून’ अशी पाटी आहे आणि घराच्या दाराला आतून ‘घाईत धावू नये’ अशी. पाहुणे ती वाचतात आणि माझ्याकडे दयेने बघतात.

घरातल्या प्रत्येकाला एकेक शिट्टी दिलेली आहे. एक शिट्टी म्हणजे जागच्या जागी थांबा. दोन म्हणजे कुठे आहात ते सांगा. तीन म्हणजे हातातलं टाका आणि असेंब्ली पॉइंटवर या. असेंब्ली पॉइंट म्हणजे संकट आलं की सगळ्यांनी जमायची जागा. आमचा असेंब्ली पॉइंट खाली सायकलींच्या स्टँडपाशी आहे. तिथे गेलं की हे बोट दाखवून सगळ्यांना मोजतात. तीन शिट्ट्या ऐकल्यावर विचार करायचा नाही, हा मुख्य नियम. “विचार करत बसणारा माणूस जळतो,” असं हे सांगतात, आणि सांगताना माझ्याकडेच बघतात.

मी दातांच्या लॅबमध्ये काम करते. औषधांच्या दुकानावर एक खोली, एक खिडकी, तीन टेबलं. दंतवैद्यांकडून ठसे येतात, मी त्यांत प्लास्टर ओतते, मेणात दात बसवते, मग कवळी पक्की झाली की फिरत्या चाकावर घासून तिला चकाकी आणते. संध्याकाळी घरी येते तेव्हा माझ्या पापण्यांवरसुद्धा पांढरी भुकटी असते. माणसं मला जबड्यांवरून कळतात. झोपेत दात खाणारा माणूस तर लगेच ओळखू येतो, त्याच्या दाढा झिजून सपाट झालेल्या असतात. ह्यांच्या इतक्या सपाट आहेत की वर पत्त्यांचा डाव मांडावा. त्यांना रात्री लावायला मी एक पट्टी करून दिली आहे. जगाची काळजी करता करता ते दरवर्षी एक पट्टी चावून संपवतात, आणि मी मुकाट्याने दुसरी करते.

लग्नाआधी मी पोहायचे. पाण्यात उतरून मैत्रिणींच्या अंगावर पाणी उडवणं म्हणजे पोहणं, असं नव्हे. मी खरोखर पोहायचे, स्पर्धेत उतरायचे, आणि माझ्या मागून येणाऱ्यांना माझे तळपाय पाठ असायचे. लग्न ठरलं तेव्हाच मी ह्यांना सांगितलं होतं की मला एकदा एखादं मोठं तळं पार करायचंय, या काठापासून त्या काठापर्यंत. हे म्हणाले, “करू की. आधी धोक्यांचा अभ्यास करू.” स्वतः ह्यांना पोहता येत नाही, त्यामुळे अभ्यास खोल जाणार हे उघड होतं. अभ्यास सुरू झाला. मुलगा झाला, शाळेत गेला, शिकला, बँकेत चिकटला, त्याचं लग्न झालं. अभ्यास चालूच होता.

या वर्षी माझा उजवा खांदा धरला. चाकावर सतत हात उचलून धरायचा म्हटल्यावर कधीतरी तो धरणारच होता. हाडांच्या डॉक्टरांनी हात वर घ्यायला लावला, मागे घ्यायला लावला, मी कुठे ओरडते ते बघितलं आणि सांगितलं, उन्हाळा संपला की ऑपरेशन करू. “नंतर केस विंचरता येतील,” ते म्हणाले, “वरच्या फळीवरचा डबा काढता येईल.”

“आणि पोहता?”

“थोडंफार. हौसेपुरतं. पण ते तळंबिळं पार करायचं वगैरे विसरा आता.”

तळ्याबद्दल मी त्यांना एक शब्द बोलले नव्हते. ते बहुतेक असंच काहीतरी बोलायचं म्हणून बोलले असतील. पण मी मनात हिशोब केला. म्हणजे हा उन्हाळा गेला की तळं गेलं. त्या संध्याकाळी मी ह्यांना विचारलं नाही, सांगितलं.

“या उन्हाळ्यात मी तळं पार करणार आहे.”

ह्यांच्या तोंडासमोरचा पेपर खाली आला. “खांदा असा असताना?”

“खांदा असा आहे म्हणूनच.”

“अगं, पण अभ्यास अजून...”

“अभ्यास तुमचा. परीक्षा मी देते.”

रात्रभर पलंगाच्या त्या बाजूने दात खाल्ल्याचा आवाज येत होता. सकाळी हे चहाच्या कपात बघत म्हणाले, “ठीक आहे. पण ड्रिल करायचं.” मी हो म्हटलं. मला वाटलं, फार तर काय, दोन रविवार जातील. माणूस इतकी वर्षं संसार करून इतका भोळा कसा राहतो, हा प्रश्न मला नंतर बरेच दिवस पडला.

आधी तळं ठरलं, मग एवढी रजा टाकतोच आहोत तर समुद्र आणि डोंगरही उरकून घेऊ, असं ठरलं. आम्ही पाचजण जाणार होतो. हे आणि मी. आमचे चिरंजीव. सूनबाई, ज्या विमा कंपनीत दाव्यांच्या विभागात कामाला आहेत. कोण कुठे कसा पडला आणि त्याचे किती मिळाले, हेच दिवसभर वाचतात. घरात सुरक्षा होतीच, सूनबाईंच्या रूपाने विमाही आला. सासरे आणि सून यांचं इतकं गूळपीठ मी दुसऱ्या कुठल्या घरात पाहिलेलं नाही. पाचव्या वन्सं, म्हणजे ह्यांची धाकटी बहीण. टेलिफोन खात्यातून लवकर निवृत्त झाल्या, आमच्याच घरी असतात. त्यांचे गुडघे दुखतात. स्वतःचा चहाचा कप उचलून ठेवायच्या वेळी जरा जास्तच दुखतात.

आणि मग ड्रिल. रोज सकाळी मी पोहण्याच्या तलावावर सराव करायचे, हे काठावर खुर्ची टाकून बसायचे, ते वेगळं. रविवारचं ड्रिल घरात, कोरडं. हॉलमधलं जेवणाचं टेबल म्हणजे तळ्याचा मध्य. त्यावर मी पालथी, डोळ्यांना पोहण्याचा चष्मा, हातपाय मारत. शेजारी स्टुलावर चिरंजीव, हातात केरसुणी, ते वल्हं. त्याच्या मागच्या स्टुलावर सूनबाई लाइफ जॅकेट घालून, किती अंतर उरलं ते मोठ्याने सांगायला. सोफा म्हणजे हा काठ. तिथे वन्सं प्रथमोपचाराची पेटी मांडीवर घेऊन. कपाट म्हणजे तो काठ. कपाटाला हात लावला की बोटीत चढून परत यायचं. हे सोफ्यावर उभे राहून माझ्यावर दुर्बीण रोखायचे. एवढ्या जवळून दुर्बिणीत काय दिसतं ते मी एकदा बघितलं. टाच दिसते.

“उजवा हात खांद्याच्या वर जातोय,” हे सोफ्यावरून म्हणायचे.

“त्याला पोहणं म्हणतात.”

“आई, अर्धं झालं,” सूनबाई सांगायच्या.

आणि मग, कधीही, न सांगता, तीन शिट्ट्या. चिरंजीव केरसुणी टाकून पळायचे. सूनबाई जॅकेटसकट दारात अडकायच्या आणि सुटायच्या. वन्सं, ज्यांना एरवी सोफ्यावरून उठायला दोन माणसं लागतात, त्या सगळ्यांच्या पुढे जिन्यात पोचलेल्या असायच्या. मीही टेबलावरून उडी मारायचे आणि चष्म्यासकट सायकलींच्या स्टँडपाशी. तळमजल्यावरचा न्हावी गिऱ्हाइकाच्या गालावरचा वस्तरा थांबवून आमच्याकडे बघायचा. हे शेवटी यायचे आणि बोट दाखवून मोजायचे. “पाचपैकी पाच,” असं म्हणताना ह्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान यायचं, ते आमच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा नाही.

शेवटच्या रविवारी ह्यांनी जाहीर केलं की ड्रिलमध्ये आता काही खोट राहिलेली नाही. चिरंजीवांना खोट दिसली नाही. सूनबाईंना दिसली नाही, आणि त्या खोटी काढायचाच पगार घेतात. मलाही दिसली नाही. आम्ही निर्धास्त मनाने बॅगा भरल्या.

समुद्र पहिला होता. समुद्र आम्ही लॉजच्या दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून पाहिला. ह्यांचं म्हणणं असं की तिथून तो पूर्ण दिसतो; जवळ गेलं की फक्त एक लाट दिसते आणि ती पायाखालची वाळू नेते. संध्याकाळी आम्हाला वाळूत जायची परवानगी मिळाली. हे पुढे गेले, वाळू ओली कुठे होते ते चपलेच्या टोकाने तपासलं आणि तिथे आमच्या पाच जोड चपला एका ओळीत मांडल्या. ती आमची हद्द. हद्दीच्या पलीकडे जगातली सगळी लहान मुलं पाण्यात लोळत होती. मी हद्दीवर उभी राहून खारं वारं खाल्लं. मला तळं हवं होतं. समुद्रावरून भांडण काढून मला ते घालवायचं नव्हतं.

डोंगर त्यामानाने धाडसी झाला. आम्ही पाचजण एका दोरीला बांधलेले, डोक्यावर कारखान्यातली पिवळी हेल्मेटं. वाट चांगली रुंद होती, दोन्ही बाजूंना कठडा होता, आणि आमच्या शेजारून एक बाई बाळाची गाडी ढकलत गाणं म्हणत वर गेली. थोड्या वेळाने एक आइस्क्रीमवाला गेला. वन्संनी त्याला थांबवलं, पण त्या थांबल्यामुळे दोरी ताणली गेली आणि पुढचे सगळे पाठीवर पडायला आले. माथ्यावर पोचल्यावर लोक खालची दरी बघत होते, ढगांचे फोटो काढत होते. हे असेंब्ली पॉइंट शोधत होते. शेवटी पाण्याच्या टाकीमागची जागा त्यांना पसंत पडली आणि आम्ही डोंगरमाथ्यावरून जे काही बघितलं ते म्हणजे त्या टाकीची मागची बाजू.

मग तळं आलं.

त्याच्या काठावर येऊन उभी राहिले. लांबलचक, हिरवट, शांत पाणी. पलीकडचा काठ म्हणजे झाडांची एक काळी रेघ. हवा पडलेली. मी तिथेच चपला काढल्या. ह्यांनी त्या उचलून नीट बाजूला ठेवल्या, कुणी अडखळू नये म्हणून.

तयारीत वेळ गेला. असेंब्ली पॉइंट ठरला तो वर, गाड्या लावायच्या जागेत, पाटीखाली. ह्यांनी सगळ्यांना एकदा तिथवर चालवून आणलं. शेजारी एक सहलीची बस उभी होती. निवृत्त मंडळी, सगळ्यांच्या डोक्यावर एकसारख्या निळ्या टोप्या. बोटवाल्याकडून बोट घेतली, तिची प्रत्येक फळी ठोकून बघितली. माझ्या कमरेला दोरीने एक नारिंगी फुगा बांधला. पाण्याचं तापमान घेतलं, माझं घेतलं. मग हे माझ्यासमोर उभे राहिले, काहीतरी बोलायचं होतं त्यांना, पण जे बोलले ते असं, “घाई करू नकोस.”

“नाही करत,” मी म्हटलं आणि उतरले.

वरचं पाणी कोमट आणि खालचं गार. पहिल्या काही हातांतच मला आठवलं, नाही, मला नाही, माझ्या अंगाला आठवलं. दोन्ही हात, पाय, मान वळवून घेतलेला श्वास, सगळं आपापल्या जागी बसत गेलं. खांदा दुखत होता, पण दुखणाऱ्याने दुखावं, मी थांबत नव्हते. बाजूने बोट. चिरंजीव तळहाताला फोड येतोय म्हणून कुरकुरत होते, सूनबाई अंतर सांगत होत्या. मला त्यांचं ऐकू येत होतं आणि नव्हतंही. मी फार सुखात होते. इतक्या वर्षांत मी कुठल्या सुखात नव्हते असं नाही, पण हे माझ्या एकटीचं होतं.

“आई, अर्ध्याच्या पुढे आलो,” सूनबाई म्हणाल्या.

तेवढ्यात काठावरून तीन शिट्ट्या वाजल्या.

त्या ह्यांच्या नव्हत्या. निळ्या टोप्यांची जेवणाची वेळ झाली होती आणि त्यांचा म्होरक्या त्यांना बोलावत होता. पण हे कळायला विचार करावा लागतो, आणि विचार करायचा नाही असं आम्हाला एवढे रविवार शिकवलं होतं. चिरंजीवांनी बोट गर्रकन वळवली. “आई, चल लवकर,” म्हणाले आणि सुटले. सकाळपासून कुरकुरणारा तो मुलगा आता अशी वल्ही मारत होता की बोटीपुढे पाणी दुभंगत होतं. सूनबाई मागच्या बाजूला माझ्याकडे तोंड करून बसल्या होत्या. लहान लहान होत जाताना त्यांनी मला ओरडून सांगितलं, “मागे राहू नका हं.”

आणि मी? मीही वळले होते. चांगले दहा-बारा हात परतीच्या दिशेने मारूनही झाले. डोक्याला कुणी विचारलंच नव्हतं.

मग श्वास घ्यायला मान वर काढली तेव्हा काठ दिसला. वन्सं सर्वांत पुढे, चढावरून वर निघालेल्या. त्यांच्यामागे हे, पाठमोरे, दुर्बीण पाठीवर आपटतेय. बोट काठाला लागली, चिरंजीव आणि सूनबाई उड्या मारून त्यांच्यामागे. मग कुणीच नाही. वाळूत प्रथमोपचाराची पेटी तेवढी राहिली.

तेव्हा मला आमच्या ड्रिलमधली खोट दिसली. घरी पोहणारीही टेबलावरून उडी मारून सगळ्यांबरोबर खाली धावायची. त्यामुळे पोहणारीपाशी कोण थांबणार, हा प्रश्न कधी पडलाच नाही. दर वेळी पाचपैकी पाच भरत होते.

आधी मला हसू आलं. नाकातोंडात पाणी गेलं. मग असा संताप आला की काय सांगू. मला बुडण्यापासून वाचवायला ज्या चौघांना आणलं होतं, ते चौघं मला पाण्यात सोडून आपण सुखरूप आहोत याची खात्री करून घ्यायला गेले होते. मग संताप ओसरला आणि भीती वाटली. खरी भीती. मध्यावर थांबल्यामुळे खांदा आखडला होता, हात वर उचलला की डोळ्यांपुढे काजवे चमकत होते, आणि त्या एवढ्या पाण्यात मी आणि एक नारिंगी फुगा. बाकी कुणी नाही.

परत फिरावं असं मनात आलंच. मागे बोट होती, माणसं होती. परत गेले असते तर मोजणी पूर्ण झाली असती, सगळ्यांनी माझी पाठ थोपटली असती, आणि तळं पुन्हा अभ्यासाला गेलं असतं. मग ऑपरेशन. मग केस विंचरणं आणि वरच्या फळीवरचा डबा. मी कमरेची दोरी सोडली. फुगा तरंगत मागे राहिला. मी तोंड फिरवलं आणि पलीकडे निघाले.

उजवा हात फारसा चालत नव्हता, म्हणून कुशीवर पोहले, डाव्या हाताने आणि पायांनी. स्पर्धेत कुणी असं पोहलं असतं तर मी हसले असते. झाडांची रेघ जवळ येईना. मी तिच्याकडे बघणं सोडून दिलं आणि लॅबमधले जबडे आठवत राहिले, वरचा, खालचा, वरचा, खालचा, एकेका हाताला एकेक. जबडे संपले तेव्हा पायाला दगड लागला.

मी उभी राहिले. तळं पार झालं होतं, माझं, स्वतःचं, या काठापासून त्या काठापर्यंत. आणि उभी राहिल्या राहिल्या मी पहिली गोष्ट काय केली असेल, तर वळून त्या काठाकडे बघितलं, ह्यांनी पाहिलं का म्हणून.

तिथे कुणी नव्हतं. लग्न झाल्यापासून माझ्या मानेवर ह्यांची नजर आहे. भाजी चिरताना, जिना उतरताना, स्टुलावर चढताना. ती नजर एक दिवस तरी हटावी म्हणून मी किती बोटं मोडली असतील. आणि ज्या एका क्षणी ह्यांनी बघायला हवं होतं, त्या क्षणी हे पार्किंगमध्ये माणसं मोजत होते. मी दगडावर बसले आणि रडले. रागाचं रडू आहे अशी मी माझी समजूत घातली. ते तसं नव्हतं.

तिकडे काय झालं ते सूनबाईंनी नंतर सांगितलं. दावे वाचायची सवय असल्यामुळे त्या काही गाळत नाहीत. पाटीखाली निळ्या टोप्यांची गर्दी होती, तिच्यातून आपली माणसं वेगळी काढण्यातच ह्यांचा बराच वेळ गेला. मोजलं तर चार. पुन्हा मोजलं तर चार. मग त्यांनी करड्या आवाजात विचारलं, “कोण कमी आहे?”

“वहिनी,” वन्सं म्हणाल्या.

“का? तिला शिट्टी ऐकू आली नाही? नियम सगळ्यांना...” आणि वाक्याच्या मध्येच हे थांबले. एवढ्यात निळ्या टोप्यांचा म्होरक्या आला, ही आपल्यातलीच माणसं समजून त्याने चौघांच्या हातात जेवणाची पाकिटं दिली. वन्संनी उघडलं. हे पाकीट टाकून उताराने धावत सुटले. काठावर येऊन बघतात तो पाण्यावर कुठेच मी नाही, फक्त नारिंगी फुगा, आणि त्याच्या दोरीच्या टोकाशी कुणीही नाही. बोट मागायला गेले तर रिकामी परत आली म्हणून बोटवाल्याने ती एका जोडप्याला देऊन टाकलेली. सूनबाई म्हणाल्या, “आई, बाबा ओरडले नाहीत. नुसते तळ्याच्या कडेकडेने धावत सुटले. आम्ही हाका मारत होतो.”

मी केस पिळत बसले होते तेव्हा झुडपांत मोडतोड ऐकू आली. आधी मला वाटलं, एखादं जनावर. बाहेर आले ते हे. सकाळपासून डोक्यावर असलेलं पिवळं हेल्मेट नव्हतं. एका पायात बूट, दुसऱ्यात चिखल. गालावर ओरखडे. मला बघितलं आणि जिथे होते तिथेच गुडघ्यांवर हात टेकून वाकले. किती तरी वेळ त्यांना श्वासच घेता येत नव्हता. मी त्यांना काय काय ऐकवायचं ते सगळं जुळवून ठेवलं होतं, तिखटमीठ लावून. त्यांचा जबडा हलत होता, दातावर दात वाजत होते.

“फुगा...” ते म्हणाले.

“मी सोडला.”

“मला वाटलं...”

ते माझ्या शेजारी बसले. माझ्या हाताला त्यांनी हात लावला, मग मनगटाला, मग कोपराला, हळूहळू, सगळं जागेवर आहे की नाही ते बघत असल्यासारखं. मी काढून घेतला नाही.

“पोचलीस,” ते म्हणाले.

“पोचले.”

“मी बघितलंच नाही.” आणि असा चेहरा केला त्यांनी, की मी जुळवून ठेवलेलं सगळं सोडून दिलं. पाण्यात मला बुडण्याची भीती वाटली होती, राग आला होता, हे सगळं खरं. पण मला वाईट कशाचं वाटत होतं ते त्यांनी बरोबर ओळखलं होतं. इतका अभ्यास केला माणसाने माझा, कधीतरी उपयोगी पडणारच.

ऊन अंगावर घेत आम्ही बराच वेळ बसलो. पलीकडे तिघं हात हलवताना दिसू लागले. मग मी उठले, खांदा गोल फिरवून बघितला. दुखत होता. श्वास लागलेला नव्हता.

“बोट येईल इतक्यात,” हे म्हणाले.

“येऊ दे. मी पोहत जाते. मघाशी बघितलं नाहीत ना, आता बघा.”

आता हे काय बोलणार ते मला तोंडपाठ होतं. खांदा, थकवा, पाण्याचं तापमान. त्यांनी तोंड उघडलंही. मग मिटलं.

“बरं,” ते म्हणाले.

मी उतरले. पाणी मघापेक्षा गार वाटलं. पहिले हात अवघडलेले पडले, मग बरे पडू लागले. चांगली आत गेल्यावर मी एकदा मान वळवून मागे बघितलं. हे काठावर नव्हते. कमरेपर्यंत पाण्यात उभे होते, आणि ते त्यांच्या लक्षात आलेलं नव्हतं. बघत होते.